चामड्याचा चेंडू आणि श्रीनगरचे मुख्याध्यापक : सेसिल टिंडेल-बिस्को यांचे जीवन

काश्मीर खोऱ्यात आज फुटबॉल हा गल्लीबोळांतला खेळ आहे. या खोऱ्याने अब्दुल मजीद काकरू यांच्यासारखा भारतीय संघाचा कर्णधार दिला, मेहराजुद्दीन वाडू यांच्यासारखा आंतरराष्ट्रीय खेळाडू दिला आणि 2016 मध्ये स्थापन झालेल्या रिअल काश्मीर या संघाने देशभरातील क्रीडारसिकांचे लक्ष वेधून घेतले. परंतु 1891 च्या शरद ऋतूत श्रीनगरमधील एका शाळेत मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे फुटबॉल ठेवला, तेव्हा त्याला पाय लावण्यास एकही मुलगा तयार नव्हता. चेंडू चामड्याचा होता आणि चामड्याचा स्पर्श म्हणजे विटाळ, अशी त्या मुलांची आणि त्यांच्या घरांची दृढ समजूत होती.

ते मुख्याध्यापक म्हणजे सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को. इंग्लंडमधून आलेल्या या धर्मोपदेशकाने आयुष्यातील सुमारे 57 वर्षे श्रीनगरच्या एकाच शाळेला दिली. त्यांना मुलांना निष्णात खेळाडू करायचे नव्हते. खेळ, पोहणे आणि वल्हवणे यांच्या द्वारे त्यांना एका समाजाच्या मनात घर करून बसलेली श्रमाची लाज आणि स्पर्शाची भीती घालवायची होती. त्यासाठी त्यांनी वापरलेले मार्ग सगळेच निर्दोष नव्हते. त्यांच्या कार्याचा विचार या दोन्ही बाजू लक्षात घेऊनच करावा लागतो.

टिंडेल-बिस्को यांचा जन्म 9 फेब्रुवारी 1863 रोजी ऑक्सफर्डशायरमधील हॉल्टन येथे एका सुखवस्तू घराण्यात झाला. ब्रॅडफिल्ड येथील निवासी शाळेत आणि पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. शरीराने ते लहानखुरे व हलके होते. आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यतीच्या नावेत सुकाणू धरून बसणाऱ्या आणि वल्ह्यांना ताल देणाऱ्या माणसाला हीच शरीरयष्टी उपयोगी पडते. 1884 मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील सुप्रसिद्ध नौकाशर्यतीत केंब्रिजची नाव विजयी झाली, त्या नावेचे सुकाणू त्यांच्या हाती होते. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत काही काळ काम केले. कष्टकऱ्यांच्या मुलांना वळण लावण्यासाठी प्रवचनापेक्षा खेळ आणि सोबत अधिक उपयोगी पडतात, ही त्यांची धारणा पुढील सर्व कार्याच्या मुळाशी दिसते.

1890 च्या अखेरीस चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने ते श्रीनगरला आले. त्या वेळी जम्मू-काश्मीर संस्थानच्या गादीवर महाराजा प्रतापसिंह होते आणि श्रीनगरात ब्रिटिश रेसिडेंट बसू लागून काही वर्षेच झाली होती. संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने नुकतीच घेतली होती. सरकारी नोकऱ्यांत पंजाबमधून आलेल्या सुशिक्षितांची संख्या वाढत होती. पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगत आलेल्या काश्मिरी पंडित कुटुंबांना आपल्या मुलांनी इंग्रजी शिकल्याशिवाय यापुढे निभाव लागणार नाही, याची जाणीव झाली होती. म्हणून धर्मांतराची धास्ती मनात असूनही ते आपली मुले मिशनच्या शाळेत पाठवत होते.

रेव्हरंड जे. हिंटन नोल्स यांनी सुरू केलेली ही शाळा झेलमच्या काठी, फतेह कदल या पुलाजवळ भरत असे. तेथे सुमारे दोनशे विद्यार्थी होते व त्यांतील बहुतेक ब्राह्मण होते. अंगात घोट्यापर्यंत येणारे फेरन, आत उबेसाठी धरलेली निखाऱ्यांची कांगडी आणि समोर पाठ करण्याचे पुस्तक, असे त्या वर्गांचे चित्र होते. मुले बुद्धीने तल्लख होती, पाठांतरात तरबेज होती. मात्र धावणे, ओझे उचलणे, नाव वल्हवणे ही कामे हलक्या समजल्या जाणाऱ्या लोकांची, असे त्यांना घरात शिकवले गेले होते. नाव वल्हवण्याचे काम हांजी या नावाड्यांच्या जमातीचे होते. नदीकाठी जन्मलेल्या, दररोज नदी ओलांडणाऱ्या या मुलांपैकी बहुतेकांना पोहता येत नव्हते. नोल्स यांच्यानंतर शाळेची सूत्रे हाती आलेल्या टिंडेल-बिस्को यांना परीक्षेतील यशापेक्षा ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली.

1891 मध्ये त्यांचा ब्लँच बर्जेस यांच्याशी विवाह झाला. त्याच शरद ऋतूत पत्नीसह श्रीनगरला परतताना त्यांनी सोबत एक फुटबॉल आणला. मुलांनी चेंडू पाहिला, तो कशाचा आहे याची चौकशी केली आणि चामड्याचा आहे हे कळताच खेळण्यास ठाम नकार दिला. टिंडेल-बिस्को यांनी शिक्षकांना आधी खेळाचे नियम समजावून दिले आणि दुपारी सर्व विद्यार्थ्यांना शहराच्या कडेला असलेल्या ईदगाह मैदानावर नेले. ही गोष्ट शहरात पसरली आणि मैदानाभोवती बघ्यांची गर्दी जमली. संघ पाडले गेले, मुले आपापल्या जागी उभी राहिली. पण खेळ सुरू करण्याची खूण होऊनही कोणी जागचे हलेना. तेव्हा मुख्याध्यापकांनी विचार करण्यास थोडा अवधी दिला आणि हातात छड्या घेतलेल्या शिक्षकांना मैदानाच्या टोकांना उभे केले. अवधी संपताच शिक्षक छड्या उगारून पुढे सरकले आणि अखेरीस चेंडूला पहिली लाथ बसली.

त्यानंतर मैदानावर गोंधळ उडाला. लांब फेरनमध्ये पाय अडकून मुले पडू लागली, पगड्या सुटल्या, खडावा निसटल्या. चेंडूमागे धावता धावता मुले विटाळ विसरली. इतक्यात एका मुलाच्या तोंडावर चेंडू आदळला आणि क्षणात सर्व खेळ थांबला. पायाला झालेला स्पर्श एक वेळ चालला असता, पण चामडे ओठांना लागले होते. मुलगा रडू लागला, बाकीचे सुन्न होऊन उभे राहिले. टिंडेल-बिस्को यांनी त्याला जवळच्या पाण्यावर नेऊन तोंड धुण्यास सांगितले. पाण्याने विटाळ जातो हे मुलांच्याच धर्माचाराला मान्य होते. मुलगा तोंड धुऊन परतला आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

या प्रसंगाची हकिगत टिंडेल-बिस्को यांनीच पुढे अनेकदा सांगितली व लिहिली. तिच्यात विनोद आहे, तशी विजेत्याची ऐटही आहे. पण त्या दिवशी खरी कसोटी कोणाची लागली, हा प्रश्न उरतो. परका मुख्याध्यापक समाजाच्या रोषापासून सुरक्षित होता. त्याच्यामागे मिशन होते, रेसिडेन्सी होती, राज्यकर्त्यांची सत्ता होती. मुलांना मात्र संध्याकाळी आपल्या घरीच परतायचे होते. शाळेतील शिक्षकांपैकी कित्येक ब्राह्मण होते. त्यांना त्याच गल्लीत राहायचे होते आणि त्यांच्या मुलामुलींची लग्ने त्याच जातीत व्हायची होती. वाळीत पडण्याचा धोका पत्करून त्यांनी मुख्याध्यापकांची साथ केली. शंकर कौल यांच्यासारखे स्थानिक सहकारी दीर्घकाळ शाळेबरोबर राहिले नसते, तर मैदानावरचा तो दिवस एका दिवसाचा तमाशा ठरला असता.

एका सामन्याने काही बदलले नाही. पालकांनी तक्रारी केल्या, काहींनी मुले शाळेतून काढली, रस्त्यात विद्यार्थ्यांची टवाळी झाली. मुख्याध्यापकांची पाठ फिरताच खेळ बंद पडे. तरीही दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या वर्षी चेंडू पुन्हा मैदानावर येत राहिला. हळूहळू फेरनच्या जागी खेळण्याजोगे कपडे आले, छड्यांची गरज संपली आणि शाळाशाळांमध्ये सामने होऊ लागले. ज्यांना वडिलांनी खेळण्यास मनाई केली होती, त्यांनीच पुढे आपल्या मुलांना मैदानावर पाठवले.

चेंडूनंतर पाण्याची पाळी आली. नद्या, कालवे आणि सरोवरे यांनी वेढलेल्या श्रीनगरमध्ये बुडून मरणाऱ्यांची संख्या मोठी होती. टिंडेल-बिस्को यांनी पोहणे हा शाळेचा अनिवार्य विषय केला. ठरलेल्या वयापर्यंत जो मुलगा पोहण्याची परीक्षा उत्तीर्ण होणार नाही, त्याची फी दरवर्षी वाढत जाईल, असा नियम त्यांनी घातला. धर्माच्या नावाने केलेल्या तक्रारीपेक्षा खिशाला बसणारी झळ अधिक परिणामकारक ठरली. पालक स्वतःच मुलांना नदीकडे धाडू लागले. कालांतराने दल सरोवर पोहून पार करणे हा शाळेचा वार्षिक उपक्रम झाला. अचानक उठणाऱ्या वादळांमुळे नावाड्यांनाही धडकी भरवणारे वूलर सरोवरदेखील या शाळेच्या पोहणाऱ्यांनी पार केले.

केंब्रिजच्या नावेत शिकलेली विद्याही येथे कामास आली. शाळेच्या नावा तयार झाल्या, वल्हेकऱ्यांचे गट पडले आणि झेलमवर शर्यती होऊ लागल्या. ब्राह्मण मुलगा भर वस्तीतून वल्हे मारत जातो, हे दृश्य सुरुवातीला शहराला असह्य झाले. ओळख पटू नये म्हणून मुले डोक्यावर वस्त्र ओढून घेत. याच शर्यतींमध्ये मुद्दाम नाव बुडवून, पाण्यात उड्या टाकून, ती पुन्हा वर काढण्याचाही सराव करविला जाई. संकटात हातपाय न गाळण्याचे ते शिक्षण होते. पुढे शाळेने वल्ह्यालाच आपल्या बोधचिन्हात स्थान दिले. मुलांनी प्रत्येक बाबतीत धैर्याने आणि दयेने वागावे, असा शाळेच्या ब्रीदाचा अर्थ टिंडेल-बिस्को विद्यार्थ्यांना समजावून सांगत.

या शारीरिक शिक्षणाचे प्रयोजन शहराला संकटाच्या वेळी उमगले. त्या काळी श्रीनगरची घरे मुख्यतः लाकडी होती. आग लागली की मोहल्लेच्या मोहल्ले जळत. शाळेची मुले आपल्या पंपासह आग विझविण्यासाठी धावू लागली. 1892 मध्ये पटकीच्या साथीने खोऱ्यात थैमान घातले, तेव्हा शहराच्या अस्वच्छतेचे भयंकर परिणाम उघड झाले आणि शाळेतील शिक्षक व विद्यार्थी फावडी घेऊन रस्ते साफ करण्यास उतरले. 1903 मध्ये झेलमला महापूर आला. पाण्याने वेढलेल्या घरांतून माणसांना बाहेर काढण्याच्या कामी वल्हे मारण्यास आणि पोहण्यास शिकलेली मुले उपयोगी पडली. नावेत घेतल्या जाणाऱ्या माणसाची जात आणि धर्म विचारण्यास तेव्हा कोणाला सवड नव्हती.

याहून शांत, पण तितकेच महत्त्वाचे आणखी एक काम होते. डॉ. आर्थर नीव्ह आणि डॉ. अर्नेस्ट नीव्ह हे बंधू श्रीनगरचे मिशन रुग्णालय चालवत. तेथील रुग्णांना आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी शाळेच्या नावांतून दल सरोवरावर फिरवून आणण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांनी घेतली. रुग्ण बहुतांशी गरीब मुसलमान शेतकरी व कारागीर असत. त्यांना हाताला धरून, प्रसंगी उचलून नावेत बसवावे लागे. काही वर्षांपूर्वी चेंडूला पाय लावण्यास न धजणारी शाळा इतक्या दूरवर आली होती. भाराने पिचलेल्या घोड्यागाढवांना होणारी मारहाण थांबविणे, हेही या मुलांनी आपले काम मानले होते.

या सर्वांची नोंद ठेवण्यासाठी टिंडेल-बिस्को यांनी गुणांची स्वतंत्र पद्धत तयार केली. बुद्धी, शरीर आणि आत्मा या तीन विभागांना सारखे महत्त्व होते. पुस्तकी अभ्यासाचे गुण केवळ पहिल्या विभागात मोडत. खेळ, पोहणे, वल्हवणे, व्यायाम यांचे गुण दुसऱ्या विभागात आणि घरी, शाळेत व शहरात इतरांशी असलेल्या वर्तनाचे गुण तिसऱ्या विभागात धरले जात. परीक्षेत पहिला येणारा मुलगा त्यामुळे शाळेतही पहिला ठरेल, याची शाश्वती नसे. सरकारी नोकरीसाठी केवळ प्रमाणपत्राची अपेक्षा करणाऱ्या पालकांना ही पद्धत पटवून देण्यात त्यांची अनेक वर्षे गेली.

धर्माच्या बाबतीत त्यांची भूमिका त्यांच्या संस्थेलाही नेहमीच सोयीची नव्हती. शाळा मिशनची होती, बायबलचे पाठ तेथे होत. तथापि विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याची उदाहरणे फारच थोडी होती. मुलांच्या धर्मांतरापेक्षा त्यांच्या आचरणातील बदलाला ते अधिक महत्त्व देत. तरीही मिशनविषयीचा संशय खोऱ्यात कायम राहिला आणि त्यातून एक चांगली गोष्ट घडली. वेगवेगळ्या समाजांनी आपल्या शाळा काढल्या. 1899 मध्ये अंजुमन नुसरत-उल-इस्लाम ही संस्था मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी पुढे आली. ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने 1905 मध्ये श्रीनगरात हिंदू महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे श्रीप्रताप महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. मिशनशाळेचे अनेक विद्यार्थी तिकडे गेले. श्रीनगरमधील आधुनिक शिक्षणाचा इतिहास असा एकट्या माणसाचा नाही, तो या चढाओढीचाही आहे.

मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न अधिक बिकट होता. आरंभीचे प्रयत्न अफवा आणि भीती यांमुळे फसले. 1912 च्या सुमारास फतेह कदल येथे मुलींची शाळा पुन्हा उभी राहिली आणि 1922 मध्ये आलेल्या म्युरिएल मॅलिन्सन यांनी ती पुढे नेली. मुलगे पोहण्यास लागून बराच काळ लोटल्यावर मुलीही पाण्यात उतरल्या. विधवांच्या पुनर्विवाहाचा टिंडेल-बिस्को यांनी पुरस्कार केला आणि बालविवाहाला विरोध केला. या सुधारणांना काश्मिरी समाजातीलच तरुणांनी आवाज दिला, तेव्हा त्या रुजण्यास सुरुवात झाली. पक्ष्यांवर ग्रंथ लिहिणारे निसर्गअभ्यासक संसारचंद कौल हे याच शाळेचे शिक्षक होते. महादेव शिखर चढणाऱ्या, रानावनांत हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविण्यात अशा शिक्षकांचा मोठा वाटा आहे.

टिंडेल-बिस्को यांचे लेखन आज वाचताना मन अनेक ठिकाणी अडखळते. ‘कॅरेक्टर बिल्डिंग इन काश्मीर’ आणि ‘काश्मीर इन सनलाइट अँड शेड’ या पुस्तकांत त्यांनी काश्मिरी माणसाला भित्रा, आळशी आणि गलिच्छ ठरवले आहे. शतकानुशतकांच्या परकीय राजवटी, वेठबिगार आणि दुष्काळ यांनी पिचलेल्या समाजाचे ते वर्णन होते आणि त्यात राज्यकर्त्यांच्या वंशाचा अहंकार डोकावतो. छडीवर त्यांचा विश्वास होता. पौरुषाची त्यांची कल्पना इंग्लंडच्या निवासी शाळांतून जशीच्या तशी उचललेली होती. बळाने घडविलेली सुधारणा कितपत टिकते, आणि टिकली तरी बळाचे समर्थन होते का, हा प्रश्न त्यांच्या चरित्राला कायमचा चिकटलेला आहे.

मात्र दुसरी वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. टीका करून मायदेशी परतणाऱ्या प्रवाशांपैकी ते नव्हते. ते त्याच नदीकाठी राहिले, त्याच मुलांबरोबर आगीत आणि पुरात उतरले, फावडे प्रथम स्वतः हाती घेतले आणि म्हातारे होईपर्यंत तेथून हलले नाहीत. ज्या पिढीला त्यांनी मैदानावर ढकलले, तिच्या नातवंडांनाही त्यांनी शिकविले. त्यांचे पुत्र एरिक हेही याच शाळेच्या कामात सहभागी झाले. ब्रिटिश सरकारने कैसर-ए-हिंद पदक देऊन टिंडेल-बिस्को यांचा गौरव केला. परंतु त्यांच्या कामाची खरी पावती, एके काळी शाळेवर दात ओठ खाणाऱ्या घरांतील मुले त्याच शाळेत प्रवेशासाठी येऊ लागली, यात होती.

1947 मध्ये देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली आणि काश्मीर संघर्षाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. त्या वर्षी, वयाच्या 84 व्या वर्षी, टिंडेल-बिस्को यांनी खोऱ्याचा निरोप घेतला. ते आफ्रिकेत दक्षिण ऱ्होडेशियाला गेले. त्यांचे नौदल अधिकारी बंधू एडवर्ड यांनी 1890 मध्ये जेथे ब्रिटिश निशाण उभारले होते, त्याच सॅलिसबरी शहरात 1 ऑगस्ट 1949 रोजी त्यांचे निधन झाले. ज्या वर्षी एका भावाने आफ्रिकेत साम्राज्याचे निशाण रोवले, त्याच वर्षी दुसरा भाऊ श्रीनगरच्या शाळेत दाखल झाला होता. ते निशाण कालांतराने उतरले आणि सॅलिसबरीचे नावही बदलून हरारे झाले. श्रीनगरची शाळा मात्र चालू आहे.

लाल चौकाजवळील शेख बाग येथे टिंडेल-बिस्को आणि मॅलिन्सन यांच्या नावांच्या शाळा आजही भरतात. तेथे शिकणारी बहुसंख्य मुले-मुली मुसलमान आहेत. गेल्या काही दशकांत खोऱ्याने हिंसाचार पाहिला, पंडित कुटुंबांचे विस्थापन पाहिले, महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या शाळा पाहिल्या. ज्या समाजाच्या मुलांनी ईदगाहवर पहिला चेंडू टोलवला, त्या समाजातील बहुतेक घरे आज श्रीनगरमध्ये नाहीत. 2014 च्या सप्टेंबरमध्ये झेलमच्या पुराने शहर पुन्हा बुडाले, तेव्हा स्थानिक तरुणांनी मिळेल त्या नावा घेऊन लोकांना वाचवले. ते सारे या शाळेचे विद्यार्थी होते असे नाही. पण भर वस्तीत वल्हे हाती घेण्याची लाज त्यांच्यापैकी कोणालाही वाटली नाही. 1891 मध्ये याच शहरात ती लाज होती आणि ती घालवण्यासाठी एका मुख्याध्यापकाने व त्याच्या स्थानिक सहकाऱ्यांनी आपली उमेदीची वर्षे खर्ची घातली होती.